वीज नेमकी कोणत्या क्षणी जाते: फ्लॅश मेमरी आणि बूटलोडर समजून घेताना

जालना जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याचा सकाळी सातला फोन आला. त्यांनी एवढेच सांगितले, “साहेब, पेटीतला लाल दिवा नुसता लागून राहिलाय, मोटर काही उचलत नाही.” त्या पेटीत आम्ही तयार केलेला पंप-नियंत्रक होता. आदल्या रात्री मोबाइल नेटवर्कवरून त्याला नवे फर्मवेअर (चिपमध्ये राहून तिला चालवणारा प्रोग्रॅम) पाठवले होते आणि ते चिपमध्ये उतरत असतानाच फीडरची पाळी संपून वीज गेली होती. वीज परत आली, नियंत्रक मात्र जागा झाला नाही. बोर्ड उघडून पाहिला तेव्हा एकही भाग जळलेला नव्हता की एकही सोल्डर सुटलेले नव्हते. बिघाड फ्लॅश मेमरीतल्या मजकुरात होता, आणि तो मजकूर पुरा आहे की अर्धवट हे ओळखण्याचे काम ज्याच्याकडे होते त्या बूटलोडरने तो पुरा मानला होता.

हा बिघाड समजायचा तर आधी फ्लॅशमध्ये लिहिणे म्हणजे नेमके काय हे पाहावे लागते. मायक्रोकंट्रोलरमधल्या बहुतेक फ्लॅश मेमरीत प्रत्येक बिटासाठी एक ट्रान्झिस्टर असतो आणि त्याच्या नेहमीच्या गेटखाली, चहूबाजूंनी काचेसारख्या ऑक्साइडच्या थराने वेढलेले, आणखी एक गेट असते. त्याला तरंगते गेट म्हणतात, कारण ते कोणत्याही तारेला जोडलेले नसते. ही रचना १९६७ मध्ये बेल लॅब्जमध्ये दावोन कांग आणि सायमन झी यांनी मांडली. जास्त व्होल्टेज देऊन इलेक्ट्रॉन त्या थरातून आत ढकलले की ते तिथे अडकून पडतात आणि वीज गेली तरी वर्षानुवर्षे तिथेच राहतात. आत विद्युतभार असेल तर तो बिट शून्य वाचला जातो, नसेल तर एक. तोशिबामधले फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये जी मेमरी जगापुढे मांडली तिचे वैशिष्ट्य असे होते की अशा पेशींचा (एकेक बिट सांभाळणाऱ्या ट्रान्झिस्टरांचा) मोठा गट एका फटक्यात पुसला जाई. कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखे क्षणात सगळे साफ होते म्हणून शोजी आरिइझुमी या त्यांच्या सहकाऱ्याने तिला फ्लॅश हे नाव सुचवले.

या रचनेतून एक नियम निघतो आणि पुढचे सगळे त्याच्यावर उभे आहे. पुसलेल्या फ्लॅशमध्ये सगळे बिट एक असतात. लिहिताना एकाचे शून्य करता येते, पण शून्याचे एक करायचे असेल तर तो एकटा बिट बदलता येत नाही, त्याच्यासह अख्खे पेज, म्हणजे एकदम पुसला जाणारा पेशींचा गट, पुसावे लागते. आमच्या नियंत्रकात एसटीएम३२एफ१०३ ही चिप आहे, तिच्या १२८ केबीच्या प्रकारात एक पेज १ केबीचे असते. ते पुसायला २० ते ४० मिलिसेकंद लागतात आणि दोन बाइट लिहायला जास्तीत जास्त ७० मायक्रोसेकंद. माणसाच्या हिशेबी हा वेळ नगण्य आहे. पण ७२ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या प्रोसेसरच्या दृष्टीने ४० मिलिसेकंद म्हणजे जवळजवळ २९ लाख घड्याळी ठोके होतात, आणि वीज त्यांतल्या कोणत्याही ठोक्याला जाऊ शकते. प्रोग्रॅम लिहिताना आपण ‘पेज पुसा’ ही एक ओळ लिहितो आणि ती ओळ एकतर झाली किंवा झाली नाही असे मनात धरतो. प्रत्यक्षात अर्धवट झालेली अशी तिसरी स्थिती असते, आणि शेतात गेलेल्या उपकरणांत तीच वाट्याला येते.

पेशी झिजते हा यातला दुसरा भाग. दर वेळी इलेक्ट्रॉन त्या पातळ ऑक्साइडमधून आत-बाहेर नेताना थराला थोडी इजा होते, काही इलेक्ट्रॉन थरातच अडकतात, आणि हळूहळू भरलेल्या व रिकाम्या पेशीतला फरक कमी होत जातो. एसटीएम३२एफ१०३ साठी उत्पादक प्रत्येक पेजला १०,००० वेळा पुसण्याची हमी देतो. अर्दुइनो उनो या शिकाऊ बोर्डावर असणाऱ्या एटीमेगा३२८पी च्या फ्लॅशलाही १०,००० चाच आकडा आहे आणि तिच्या स्वतंत्र ईईप्रॉमला (एकेक बाइट बदलता येणाऱ्या छोट्या मेमरीला) १,००,००० चा. मजकूर किती वर्षे टिकेल हेही याच झिजेवर आणि तापमानावर ठरते. एसटीएम३२एफ१०३ च्या माहितीपत्रकात १०,००० वेळा पुसल्यावर ५५ अंश सेल्सिअसला २० वर्षे, तर १,००० वेळाच पुसल्यावर १०५ अंशांना १० वर्षे असे दिले आहे. म्हणजे वापर दहापट कमी केला तरी उष्णता वाढल्यावर टिकाऊपणा निम्म्यावर येतो. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्याच्या दुपारी उन्हात टांगलेल्या पत्र्याच्या पेटीत हात घालून पाहिलेल्या कोणालाही हा आकडा केवळ कागदी वाटणार नाही.

फर्मवेअर वर्षातून दोन-चार वेळा बदलते, त्यामुळे १०,००० हा आकडा त्याच्या आड येत नाही. तो आड येतो तो नोंदींच्या बाबतीत. पंप किती मिनिटे चालला हा आकडा दर मिनिटाला एकाच पेजवर पुसून पुन्हा लिहायचा ठरवले, तर १०,००० मिनिटे म्हणजे सात दिवसही पुरे होत नाहीत. पहिल्या आठवड्यातच हमी संपते. पेशी त्यानंतर लगेच मरत नाहीत, म्हणून प्रयोगशाळेत हे लक्षात येत नाही आणि वर्षभराने शेतात लक्षात येते. मोठ्या प्रमाणावर हेच कसे घडते याचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण टेस्लाचे आहे. मॉडेल एस आणि मॉडेल एक्स या गाड्यांच्या मधल्या पडद्यामागच्या संगणकात ८ जीबीची फ्लॅश होती, तिच्या पेशींना सुमारे ३,००० वेळा पुसण्याची मर्यादा होती. रोजच्या लिहिण्याने ती काही वर्षांत संपत आली की पडदा बंद पडे, आणि त्यासोबत मागचा कॅमेराही. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या चौकशीनंतर फेब्रुवारी २०२१ मध्ये सुमारे १,३५,००० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्यात आल्या.

यावरचा उपाय आपल्याकडच्या रोजमेळात पूर्वीपासून आहे. दुकानदार जुना आकडा खोडत नाही, त्याखाली नवी ओळ लिहितो. पान भरले की शिल्लक नव्या पानावर घेतो आणि वर लिहितो ‘मागील पानावरून पुढे’. फ्लॅशमध्येही तसेच करायचे: १६ बाइटांची एक नोंद, तिच्यात चढता क्रमांक, आकडा आणि तपासणीची बेरीज. एका पेजात शीर्षकाची जागा सोडून अशा ६३ नोंदी बसतात. आठ पेजेस ओळीने वापरली तर एक फेरा ५०४ नोंदींचा होतो आणि त्या फेऱ्यात प्रत्येक पेज एकदाच पुसले जाते. आता तोच दर मिनिटाचा आकडा ३,५०० दिवस, म्हणजे साडेनऊ वर्षे, हमीच्या आत लिहिता येतो. चिप तीच, मेमरी तीच, आठवड्याची साडेनऊ वर्षे झाली ती केवळ लिहिण्याच्या पद्धतीने. सुरू होताना सर्वांत मोठा क्रमांक असलेली आणि बेरीज जुळणारी नोंद खरी मानायची. शेवटची नोंद वीज गेल्याने अर्धवट राहिली असेल तर तिची बेरीज जुळत नाही आणि आदली आपोआप लागू होते. नुकसान झालेच तर एका मिनिटाचे.

इथे कपॅसिटरचा साधा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. चिपमध्ये व्होल्टेज खाली येत असल्याची सूचना देणारी सोय आहे आणि ती २.९ व्होल्टवर लावता येते. ती सूचना मिळाल्यापासून व्होल्टेज २.३ वर येईपर्यंतचा वेळ हातात धरू. बोर्ड ३० मिलिअँपिअर घेत असेल आणि पुरवठ्यावर ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल, तर ०.६ व्होल्ट उतरायला साधारण ९ मिलिसेकंद लागतात. एवढ्यात १६ बाइटांची नोंद सहज लिहून होते, कारण तिला ०.५६ मिलिसेकंदच लागतो. पेज पुसणे मात्र एवढ्यात बसत नाही. म्हणून पुढचे पेज वीज स्थिर असताना आधीच पुसून तयार ठेवायचे आणि जाता जाता फक्त लिहायचे. कपॅसिटर आणखी मोठा लावूनही हे जमेल, पण उष्णतेत इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वर्षागणिक सुकत जातो. ज्या भागाची क्षमता घटणारच आहे त्याच्यावर ४० मिलिसेकंदांची भिस्त ठेवणे मला पटत नाही.

उतरत्या व्होल्टेजचा आणखी एक धोका आहे. लिहिणे अपुरे राहते एवढ्यावरच तो थांबत नाही, प्रोसेसर स्वतःही चुकीच्या आज्ञा पाळू लागतो. एटीमेगा३२८पी च्या माहितीपत्रकात यावर स्वतंत्र टीप आहे: व्होल्टेज अपुरे असताना चिप रिसेटमध्ये धरून ठेवा, त्यासाठी आतला ब्राउन-आउट डिटेक्टर (व्होल्टेज घसरलेले ओळखणारा भाग) वापरा, आणि बूटलोडर बदलायचा नसेल तर त्याच्यावरचे लेखनच कुलूपबंद करा. एसटीएम३२ मध्ये फ्लॅश उघडायला ठरावीक दोन किल्ल्यांचे आकडे क्रमाने द्यावे लागतात, त्यामुळे भरकटलेला प्रोसेसर सहसा काही खोडू शकत नाही. पण अनेक प्रोग्रॅममध्ये सुरुवातीलाच फ्लॅश उघडून ती तशीच ठेवलेली दिसते आणि मग त्या कुलपाला अर्थ उरत नाही. प्रत्येक लिहिण्याच्या आधी उघडणे आणि लगेच बंद करणे ही दोन ओळींची शिस्त आहे.

आता बूटलोडरकडे येऊ. रिसेटनंतर या जातीचा प्रोसेसर फ्लॅशच्या अगदी सुरुवातीचे दोन आकडे वाचतो. पहिला आकडा स्टॅक (प्रोग्रॅमची तात्पुरती टिपणे ठेवायची रॅममधली जागा) कुठे आहे हे सांगतो आणि दुसरा पहिली आज्ञा कुठे आहे हे. त्या सुरुवातीच्या जागी बूटलोडर बसवलेला असतो. तो पुढच्या फर्मवेअरची तपासणी करतो आणि मग त्याच्याकडे ताबा देतो. आमच्या जुन्या बूटलोडरची तपासणी इंटरनेटवरच्या असंख्य नमुन्यांत असते तीच होती: फर्मवेअरचा पहिला आकडा रॅमच्या पत्त्यांत बसतो का ते पाहा, बसत असेल तर उडी मारा. त्या रात्री नवे फर्मवेअर पहिल्या पेजपासून क्रमाने लिहिले जात होते. वीज गेली तेव्हा पहिली काही पेजेस पुरी होती आणि उरलेली कोरी. पहिला आकडा अगदी बरोबर होता, त्यामुळे बूटलोडरने लाल दिवा लावून उडी मारली, प्रोसेसर काही अंतर नीट धावला, कोऱ्या पेजात शिरला आणि चूक झाल्यावर जाण्याच्या ठरलेल्या अनंत फेऱ्यात अडकला. वीज कितीही वेळा घालवून आणली तरी तेच होणार होते. शेवटी लॅपटॉप आणि प्रोग्रॅमर (चिपमध्ये थेट प्रोग्रॅम भरणारे उपकरण) घेऊन अशा अडकलेल्या प्रत्येक पेटीपर्यंत जावे लागले. ऐन पाण्याच्या दिवसांत ज्यांची मोटर दोन दिवस बंद राहिली त्यांना ‘सॉफ्टवेअरची अडचण होती’ एवढेच सांगणे मला फार जड गेले.

त्यातला सर्वांत स्वस्त धडा क्रमाचा होता. पहिले पेज, म्हणजे ज्याच्यावरून फर्मवेअर आहे असे ठरते ते पेज, सर्वांत आधी पुसायचे आणि सर्वांत शेवटी लिहायचे. एवढ्या एका बदलानेही त्या पेट्या वाचल्या असत्या, कारण बूटलोडरला फर्मवेअर दिसलेच नसते आणि तो नव्या प्रतीची वाट पाहत थांबला असता. त्याच्या जोडीला पूर्ण फर्मवेअरची लांबी आणि ३२ बिटांची सीआरसी तपासणी (सगळ्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) हवी. यदृच्छेने बिघडलेला मजकूर या तपासणीतून सुटण्याची शक्यता सुमारे ४२९ कोटींत एक इतकी असते. मात्र सीआरसी अपघात ओळखते, कपट ओळखत नाही. मुद्दाम बदललेल्या फर्मवेअरची सीआरसी कोणीही नव्याने काढू शकतो, म्हणून नेटवर्कवरून येणाऱ्या फर्मवेअरला डिजिटल सहीची गरज असते.

त्यानंतर जागेची वाटणी. १२८ केबीतले पहिले १६ बूटलोडरला, ५२ चालू फर्मवेअरला, ५२ नव्या येणाऱ्या फर्मवेअरला आणि ८ नोंदींना अशी आम्ही ती केली. चालू फर्मवेअर आपले काम करत असतानाच नवी प्रत दुसऱ्या कप्प्यात उतरते, तासाभरात उतरो की तीन रात्रींत. ती पूर्ण तपासून झाल्यावरच बूटलोडर ती पहिल्या कप्प्यात आणतो. आणताना वीज गेली तरी मूळ प्रत दुसऱ्या कप्प्यात जशीच्या तशी असते, त्यामुळे पुन्हा पहिल्यापासून आणता येते. नुसती नक्कल केली तर जुने फर्मवेअर नाहीसे होते. ते जपायचे असेल तर दोन्ही कप्प्यांची पेजेस एकेक करून अदलाबदल करावी लागते, आणि कुठवर आलो याची खूण प्रत्येक टप्प्यावर फ्लॅशमध्येच ठेवावी लागते. झेफर या छोट्या चिपांसाठीच्या ऑपरेटिंग सिस्टिमसोबत वापरला जाणारा एमसीयूबूट हा मुक्त बूटलोडर हेच करतो. त्याच्या लेखकांनी टप्प्याटप्प्याच्या खुणा ज्या बारकाईने मांडल्या आहेत त्या एकदा वाचल्यावर, आपले आपण लिहू असा आग्रह बहुतेकांनी सोडून द्यावा असे माझे मत आहे.

अदलाबदल जपण्याचे कारण असे की सीआरसी जुळणारे, रीतसर सही असलेले फर्मवेअरही चुकीचे असू शकते. म्हणून नव्या फर्मवेअरला आधी परीक्षेपुरते चालवायचे. त्याने ठरलेल्या वेळात ‘मी ठीक आहे’ अशी खूण लिहिली तर ते कायम होते, नाहीतर पुढच्या रिसेटला जुने परत येते. ही खूण कधी लिहायची यावर बरेच अवलंबून आहे. प्रोग्रॅम सुरू होताच ती लिहिली तर परीक्षेला काही अर्थ राहत नाही. आमच्या नियंत्रकात मोडेम जागा होऊन सर्व्हरशी बोलणे झाल्यावर आणि पुढचे फर्मवेअर उतरवून घेण्याचा मार्ग चालू आहे हे तपासल्यावरच ती लिहिली जाते, कारण ज्या फर्मवेअरला पुढचे फर्मवेअर घेता येत नाही ते बाकी कितीही चांगले चालले तरी आम्हाला पुन्हा त्या बांधावर पाठवणारच. फर्मवेअर अडकून बसले तर रिसेट करायला वॉचडॉग (ठरलेल्या मुदतीत प्रोग्रॅमकडून खूण आली नाही तर चिप रिसेट करणारे घड्याळ) हवा आणि तो बूटलोडरनेच सुरू करायला हवा. या चिपचा स्वतंत्र वॉचडॉग एकदा सुरू झाला की प्रोग्रॅमला तो बंद करता येत नाही, आणि त्याची कमाल मुदत सुमारे २६ सेकंदांची असते.

बूटलोडर स्वतः मात्र शेतात बदलू नये. त्याची प्रत एकच असते आणि ती अर्धवट झाली तर तपासणारे कोणी मागे उरत नाही. त्याच्या १६ केबींना लेखनबंदीचे बिट लावून ठेवावेत. हे बिटही फ्लॅशमध्येच राहतात, आणि या चिपमध्ये ते बदलायचे तर आधी तो सगळा संच पुसावा लागतो. पुसलेल्या संचाचा अर्थ चिप ‘वाचनबंदी लागू’ असा घेते. म्हणून हे काम कारखान्यातच, स्थिर विजेवर उरकायचे.

एसटीएम३२एल४ सारख्या नव्या चिपांत प्रत्येक ६४ बिटांमागे ८ जादा बिट ठेवून एका बिटाची चूक दुरुस्त केली जाते आणि दोन बिटांची ओळखली जाते. ही मोठी सोय आहे, पण बूटलोडर लिहिणाऱ्यासाठी त्यात एक फसवी जागा आहे. वीज गेल्याने अर्धवट राहिलेले शब्द नुसते वाचायला गेले तरी दोन बिटांची चूक निघते आणि प्रोसेसर टाळता न येणाऱ्या इंटरप्टमध्ये (चालू काम सोडून ठरलेल्या दुसऱ्या प्रोग्रॅमकडे) जातो. त्या इंटरप्टसाठी उत्पादकाच्या नमुना-प्रोग्रॅममधून आलेला अनंत फेरा तसाच ठेवला असेल, तर खराब कप्पा तपासायला गेलेला बूटलोडर तपासतानाच अडकतो. तिथे ‘हा कप्पा बाद’ अशी नोंद रॅममध्ये करून परत फिरण्याची व्यवस्था करावी लागते.

फ्लॅश वाचायला जाऊनच अडकण्याचा हा प्रकार मंगळावरही घडला आहे. जानेवारी २००४ मध्ये नासाची स्पिरिट ही गाडी पुन्हा पुन्हा रिसेट होऊ लागली. तिच्या फ्लॅशवरच्या फायलींची संख्या फार वाढली होती आणि प्रत्येक वेळी सुरू होताना ती फाइल-व्यवस्था जोडायचा प्रयत्न फसून ती पुन्हा रिसेट होत होती. पृथ्वीवरून तिला फ्लॅशला हात न लावता सुरू होण्याची आज्ञा देता आली म्हणून ती वाचली, आणि नंतर फ्लॅश नव्याने मांडून घेतल्यावर ती पुढे अनेक वर्षे चालली. तो मार्ग आधीपासून ठेवलेला होता. आमच्या बूटलोडरमध्येही आता तीन रिसेट लागोपाठ झाले की नोंदींचा कप्पा न वाचता, कारखान्यातल्या ठरलेल्या मूल्यांवर सुरू होण्याची सोय आहे.

हे सगळे केल्यावर आम्ही एका बोर्डाच्या पुरवठ्यात रिले बसवला आणि फर्मवेअर बदलत असताना वीज तोडायला सुरुवात केली: पहिल्यांदा १ मिलिसेकंदाने, मग २, मग ३, असे बदल पूर्ण होईपर्यंत, प्रत्येक वेळी परत सुरू करून तो जागा होतो का हे पाहत. बोर्ड प्रत्येक वेळी जागा झाला. तरीही एका फेरीनंतर, बोर्ड गरम हवेच्या पेटीत ठेवल्यावर, नोंदींच्या एका पेजात बिट बदललेले सापडले. शोध घेतला तेव्हा कळले की ते पेज पुसले जात असताना वीज तुटली होती. पेशी जेमतेम रिकाम्या झाल्या होत्या, खोलीच्या तापमानाला त्या पूर्ण कोऱ्या वाचल्या जात होत्या, आणि आमच्या प्रोग्रॅमने ‘पेज कोरेच आहे’ असे पाहून पुन्हा न पुसता त्यावर लिहिले होते. उष्णतेत तो जेमतेम फरक टिकला नाही. तेव्हापासून कोरे दिसणाऱ्या पेजावर आम्ही विश्वास ठेवत नाही. पुसणे पूर्ण झाल्यावर पेजच्या शीर्षकात ‘पुसून झाले’ अशी खूण लिहिली जाते, आणि ती खूण नसलेले पेज कितीही कोरे दिसले तरी पुन्हा पूर्ण ४० मिलिसेकंद देऊन पुसले जाते.